‘मॅडम, हे चालतं का?’ : गर्भपाताचा कायदा लोकांना कसा कळलेला असतो

समाजकार्य शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : ‘ग्रामीण भागातल्या लोकांना गर्भपाताच्या कायद्याची कितपत माहिती असते आणि त्याबद्दल त्यांना काय वाटतं, यावर मी प्रकल्प करते आहे. शंभर जणांना प्रश्नावली देणार आहे. पहिला प्रश्न असा : भारतात गर्भपात कायदेशीर आहे का? हो / नाही / माहीत नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी अनुभव सांगावेत.’

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २६ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवते. अनुभव सांगते, पण आधी तो पहिला प्रश्न खोडा. तो वाचून माणूस भलत्याच गोष्टीचं उत्तर देतो.

गर्भपात हा शब्द आमच्याकडे कुठलीही बाई स्वतःच्या बाबतीत वापरत नाही. आपोआप झालं तर ‘पडलं’. करून घ्यायचं असेल तर ‘खाली करायचंय’, ‘पिशवी साफ करून द्या’, ‘मोकळं व्हायचंय’. कॉलेजात जाणारी असेल तर ‘हे कंटिन्यू नाही करायचं’. ‘गर्भपात’ तिने वाचलेला असतो पेपरात, आणि तिथे त्याच्या मागेपुढे ‘रॅकेट’, ‘छापा’, ‘अटक’ असतं. तुम्ही कागदावर ‘गर्भपात’ छापलात की तिच्या डोळ्यांसमोर पोलीस येतो. मग ती ‘नाही’वर खूण करते. त्याच बाईला ‘चार महिन्यांची पोटुशी आहे, बाळाला डोकंच तयार झालेलं नाही, तर डॉक्टर खाली करू शकतात का?’ असं विचारा. ‘करतात की, करायलाच पाहिजे’ म्हणेल. दोन्ही उत्तरं तिचीच, आणि दोन्ही खरी.

दुसरं, माझ्या ओपीडीच्या भिंतीवर काय आहे ते ऐका. दारातून आत आलं की समोरच मोठा बोर्ड. मराठीत, लाल अक्षरात : इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो गुन्हा आहे. हा लावणं बंधनकारक आहे आणि तो असलाच पाहिजे. आता गर्भपात केंद्र म्हणून मला मिळालेलं प्रमाणपत्र शोधा. कॅश काउंटरच्या मागे, फ्रेममध्ये, इंग्रजीत, वहीच्या पानाएवढं. त्याच्यासमोर रांगेत उभ्या राहिलेल्या हजारो बायकांपैकी एकीनेही ते वाचलं असेल असं मला वाटत नाही. गावाने कायदा शिकला तो या भिंतीवरून, आणि भिंतीवर अर्धाच होता. लिंगनिदान बंद झालं म्हणजे ‘पाडणं’च बंद झालं, असा सरळ हिशेब लोकांनी केला.

हा गोंधळ महाराष्ट्रात जास्त दाट आहे, आणि त्याला कारणही आहे. लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा, लागू झाला १९९६ला. पुढे २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या. त्याच जिल्ह्यातलं परळीचं, मुलींचे गर्भ पाडणाऱ्या डॉक्टरचं प्रकरण २०१२मध्ये बाहेर आलं. २०१७च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यात म्हैसाळला बेकायदा गर्भपात करताना एका बाईचा मृत्यू झाला आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. इतकं भयंकर ऐकल्यावर लोकांना ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा एकच शब्द लक्षात राहिला यात नवल नाही. भिंती रंगल्या, पथनाट्यं झाली, शाळेत घोषवाक्य स्पर्धा झाल्या. त्या सगळ्यात ‘मुलगी म्हणून पाडणं गुन्हा आहे, पण गर्भपाताचा कायदा वेगळा आहे’ हे दुसरं वाक्य सांगायला कुणाला सुचलं नाही. मीही तेव्हा शाळाशाळांत भाषणं दिली आहेत. मलाही सुचलं नव्हतं.

गंमत अशी, की तो वेगळा कायदा जास्त जुना आहे, आणि त्यालाही महाराष्ट्राचा हात लागलेला आहे. १९६४मध्ये केंद्राने समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. अहवाल १९६६ला आला, कायदा १९७१ला झाला आणि १ एप्रिल १९७२पासून लागू झाला. म्हणजे आज माझ्याकडे सुनेला घेऊन येणाऱ्या सासवांच्या ऐन उमेदीतही हा कायदा होता. त्यांनाही तो माहीत नव्हता, फक्त सरकारी दवाखान्यात ‘ते करून देतात’ एवढं माहीत होतं. व्यवहार माहीत, कायदा नाही. तुमच्या प्रश्नावलीत या दोन्हींचे रकाने वेगळे ठेवा.

आता एक अडचणीची गोष्ट. ‘गर्भपात गुन्हा आहे’ असं म्हणणारा माणूस अगदीच चूक नसतो. मूळ फौजदारी कायद्यात तो गुन्हाच आहे. आधी भारतीय दंड संहितेच्या ३१२व्या कलमात होता, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ८८व्या कलमात आहे. स्वतः स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात धरलेली आहे. १९७१च्या कायद्याने इतकंच केलं, की नोंदणीकृत डॉक्टरने अमुक कारणासाठी, तमुक मुदतीत, मान्यता असलेल्या जागी केला तर त्याच्यावर गुन्हा लागणार नाही. नीट वाचलात तर हा कायदा बाईला हक्क देण्यापेक्षा डॉक्टरला छत्री देतो. ‘मला नको आहे’ हे त्यात कारण म्हणून कुठेच लिहिलेलं नाही. डॉक्टरने प्रामाणिकपणे मत द्यायचं, की हे गरोदरपण चालू राहिलं तर तिच्या जिवाला धोका आहे, किंवा शरीराला अथवा मनाला गंभीर इजा होईल, किंवा बाळात गंभीर व्यंग असेल. बलात्कारातून दिवस गेले असतील किंवा गर्भनिरोधक साधन फसलं असेल तर मनाला गंभीर इजा होते असं गृहीत धरायचं. बहुतेक बायका या शेवटच्या दारातून आत येतात. मी फॉर्मवर ‘साधन निष्फळ’ लिहिते. साधन कुठलं, ते विचारलं की बाई खाली बघते. आमच्यात ते समजलेलं असतं.

मुदतीबद्दल थोडक्यात. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवडे दोन डॉक्टरांचं, आणि तेही ठराविक बायकांसाठी : बलात्कार पीडिता, अल्पवयीन मुली, गरोदर असताना विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग किंवा मानसिक आजार असलेल्या, बाळात व्यंग निघालेल्या, आपत्तीत सापडलेल्या. २४च्या पुढे फक्त बाळात मोठं व्यंग असेल तर, आणि ते वैद्यकीय मंडळाने ठरवायचं. मंडळाला त्यासाठी तीन दिवस. बाईचा जीव वाचवायला तातडीने करावं लागलं तर मुदतीची अटच नाही.

लोकांना यातलं काय माहीत असतं? ‘तीन महिन्यांपर्यंत चालतं.’ हे एवढंच. आणि इथे तुमच्या प्रश्नावलीची दुसरी फजिती होणार आहे, कारण कायदा आठवड्यांत मोजतो, बाई महिन्यांत. त्यातही आम्ही मोजतो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आणि ती मोजते पाळी चुकल्यापासून. ‘दोनच महिने झालेत हो’ म्हणून बाई येते, सोनोग्राफीत तेरावा आठवडा निघतो. ती खोटं बोलत नसते. तिच्या दोन महिन्यांच्या आधीचे चार आठवडे आमच्या कॅलेंडरात असतात, तिच्या नाही. गोळ्यांची मुदत नऊ आठवडे, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम पाच. वाट बघण्यात, घरात सांगण्यात, नवरा सुट्टीवर येण्यात ते पाच कधी सरतात कळत नाही.

सहीचं सांगते. सज्ञान बाईला फक्त स्वतःची सही लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, बापाची नाही. अठराच्या आतली असेल किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची. हे पहिल्यापासून असंच आहे. तरी तुम्ही विचारून बघा, शंभरातले बहुतेक जण नवऱ्याची सही लागते म्हणतील. त्यांना दोष देऊ नका, आम्हा डॉक्टरांनीच त्यांना तसं शिकवलंय. माझ्याकडे एक बाई आली होती, दोन पोरं पदरात, नवरा आखातात वेल्डर. आधी ती शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेली होती. तिथल्या काउंटरवर ‘मिस्टरांची सही आणि आधार आणा’ म्हणून परत पाठवलं. नवऱ्याने व्हॉट्सअॅपवर सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवला, तर तो चालेना; मूळ प्रत हवी. असं करता करता आठव्या आठवड्यातली बाई अकराव्यात गेली. गोळ्यांनी झालं असतं त्याला पिशवी साफ करावी लागली. त्या रुग्णालयाने कुठला कायदा पाळला, मला विचारू नका. नवरा उद्या येऊन दंगा करेल, ही भीती त्यांनी पाळली. खरं तर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायकोने आपल्या संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून भरपाई मागणाऱ्या नवऱ्याची मागणी उडवून लावलेली आहे. पण तो निकाल काउंटरवरच्या मुलीपर्यंत पोचलेला नाही.

लग्न न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. जुन्या मजकुरात साधन फसण्याचं कारण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरतं होतं. २०२१ला तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असा बदल झाला. मग २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की २० ते २४ आठवड्यांच्या सवलतीतही लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. नवऱ्याने जबरदस्ती केली असेल तर या कायद्यापुरता तो बलात्कारच धरायचा, हेही त्याच निकालात. मुंबई उच्च न्यायालयाने तर २०१६मध्येच, भायखळ्याच्या तुरुंगातल्या महिला कैद्यांच्या निमित्ताने, गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवणं त्या बाईचं आहे असं स्पष्ट म्हटलं होतं. एवढं सगळं होऊनही आमच्या गावातली मुलगी गळ्यात खोटं मंगळसूत्र घालूनच येते. बस स्टँडजवळच्या बांगड्यांच्या दुकानात काळे मणी स्वस्त मिळतात. मी ते बघते आणि काही बोलत नाही. कायद्यासाठी त्याची गरज नाही, पण बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या गावच्या चार बायकांसाठी आहे, हे तिला माझ्याहून चांगलं कळतं.

सतरा वर्षांच्या मुलीचं प्रकरण आणखी अवघड. पोक्सो म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा; त्याखाली मला पोलिसांना कळवावंच लागतं. हे कानावर आलं की आई पोरीला उठवून निघून जाते, आणि पुढचं मला कळत नाही किंवा फार उशिरा कळतं. २०२२च्या त्याच निकालाने एक वाट ठेवली आहे : मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. हे मी आमच्या ठाण्यातल्या एका अधिकाऱ्याला निकालाची प्रत दाखवून समजावलं. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘बरोबर आहे मॅडम, पण रकान्यात नाव काय लिहू?’ तेव्हा तुमच्या शंभर जणांत दहा पोलीस, दहा औषध दुकानदार आणि दहा डॉक्टर घ्या. अज्ञान फक्त शेतात राबणाऱ्या बाईचं मोजलंत तर चित्र अर्धंच राहील.

औषध दुकानदार घ्याच, कारण आज गर्भपाताचा खरा दवाखाना तोच आहे. २०१५ सालासाठी केलेल्या आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात देशात वर्षाला सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात होतात असा अंदाज निघाला, आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतही गर्भपातांपैकी २७ टक्के बाईने घरी स्वतःच केलेले निघाले. गोळ्या वाईट नाहीत. वेळेत, योग्य मात्रेत, मुदत तपासून घेतल्या तर फार चांगल्या आहेत, मीही त्याच देते. पण चिठ्ठीशिवाय विकायला बंदी, म्हणून दुकानदार चोरून देतो; चोरून देतो म्हणून काही सांगत नाही. परळीनंतर आपल्याकडे या गोळ्यांच्या विक्रीवर इतकी कडक नजर बसली, की ‘कटकटच नको’ म्हणून कित्येक दुकानदारांनी त्या ठेवणंच बंद केलं. मग किट येतं कुणाच्या तरी ओळखीने, वेष्टनाशिवाय, माहितीचा कागद काढून टाकलेलं.

गेल्या पावसाळ्यात एक बाई रात्री अकराला आली, पांढरीफटक. हिमोग्लोबिन पाच. ‘पाळी जास्त चालली आहे’ एवढंच सांगत होती. दहा-बारा दिवस रक्त जात होतं. सगळ्यांना बाहेर काढलं, सलाईन लावता लावता विचारलं, ‘गोळ्या कितव्या दिवशी घेतल्या?’ तर म्हणाली, ‘पाच होत्या, सगळ्या एकदम गिळल्या, लवकर उरकेल म्हणून.’ पहिली एक आणि बाकीच्या चार यांत दीड-दोन दिवसांचं अंतर असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, आधी का नाही आलीस? तिने समोरच्या बोर्डाकडे बोट केलं. ‘तिथं लिवलंय ना गुन्हा म्हणून.’ माझ्याच भिंतीवरचा बोर्ड.

लोकांच्या मतांबद्दल बोलायचं तर माझा ठोकताळा असा : जिथे सहानुभूती तिथे ‘कायद्यात बसतं’, जिथे नाही तिथे ‘कायद्यात बसत नाही’. बलात्कार, व्यंग, आईच्या जिवाला धोका यांना सगळे होकार देतात. दोन मुलांच्या आईला, विशेषतः त्यात एक मुलगा असेल तर, सहज देतात. विधवेला कुजबुजत देतात. लग्नाआधीच्या मुलीला देत नाहीत. ‘पण आपल्या घरात झालं तर’ असं विचारलंत तर पाच मिनिटांत देतात. नव्या लग्नातल्या, ‘एवढ्यात नको’ म्हणणाऱ्या मुलीला सर्वांत कमी देतात. ‘पहिलं पाडायचं नसतं’ हे वाक्य मी आठवड्याला एकदा तरी ऐकते, आणि बरेच जण ते कायद्याचं कलम असल्यासारखं सांगतात.

आणि माझं स्वतःचं मत? दोन मुली असलेली बाई चौदाव्या आठवड्यात आली की माझ्या मनात पाल चुकचुकते. कुठे बघून तर आली नाही ना? कायदा तिला वीस आठवडे देतो. पण उद्या चौकशी आली तर रजिस्टरमधल्या त्या ओळीकडे कसं बघतील, हे मला ठाऊक असतं. अशा दोघी-तिघींना मी ‘सिव्हिलला जा’ म्हणून पाठवलं आहे. त्यांतल्या एकीने मुद्दाम येऊन सांगितलं होतं, ‘मॅडम, मुलगा की मुलगी मला माहीत नाही. मला तिसरं पोसवत नाही.’ ती खरं बोलत होती असं मला आजही वाटतं. आमच्या भागात बारा आठवड्यांच्या पुढे हातच न लावणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. लोकांचा तीन महिन्यांचा समज कायद्यातून आलेला नाही, आमच्या या नकारातून आला आहे.

अजून एक समज हल्ली वाढलाय : ‘कोर्टाची परवानगी लागते.’ हा पेपरांमुळे. २००८मध्ये मुंबईतल्या एका जोडप्याला बाळाच्या हृदयातलं व्यंग उशिरा कळलं आणि उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, तेव्हापासून अशा बातम्या नेमाने येतात. जानेवारी २०२३ला मुंबई उच्च न्यायालयाने ३२ आठवड्यांवर व्यंगासाठी परवानगी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने दोन मुलं असलेल्या बाईला २६ आठवड्यांवर आधी हो म्हणून मग नाही म्हटलं. एप्रिल २०२४ला चौदा वर्षांच्या मुलीसाठी मुंबईच्या सायन रुग्णालयाला परवानगी दिली आणि आठवड्याभरात ती मागे घेतली, कारण आईवडिलांचा विचार बदलला. या सगळ्या मुदतीपलीकडच्या, अपवादातल्या केसेस. आठव्या आठवड्यात चहा पिऊन घरी गेलेल्या बाईची बातमी होत नाही. २०२२च्या जूनमध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेणारा अमेरिकेतला निकाल आला तेव्हा तर एकीने मला फोन करून विचारलं, ‘आता बंद झालं ना सगळीकडे?’ तिची नणंद न्यू जर्सीला असते.

तेव्हा ‘कायदेशीर आहे का’ ऐवजी छोटे प्रसंग द्या. कमल, वय ३०, दोन मुलं, पाळी चुकून महिना झालाय, तिसरं नको आहे : डॉक्टर करू शकतात का? सही कुणाची? ती कुठे जाईल? मग तोच प्रसंग घेऊन कमलला अविवाहित करा, मग पाच महिन्यांची करा, मग तिला दोन मुलीच द्या. लिंगनिदानाचा प्रश्न वेगळा आणि सगळ्यांत शेवटी ठेवा, नाहीतर तो बाकीच्यांना रंग लावेल. शब्द ‘खाली करणं’ वापरा. तुमच्या मार्गदर्शकांना तो गावंढळ वाटला तर त्यांना माझ्याकडे पाठवा. आणि ‘तुम्ही केलंय का’ हे विचारू नका. उत्तर मिळणार नाही, आणि मिळालं तर ते सांभाळायची जबाबदारी तुमच्यावर येईल. डॉक्टरने तिचं नाव फोडलं तर त्याला एक वर्षापर्यंतची कैद आहे. तुम्हाला कायदा तसं बांधत नसला तरी तुम्ही बांधून घ्या.

आमच्याकडे गुरुवारी आठवडी बाजार असतो, ओपीडी भरलेली असते. परवानगीची पत्रं घेऊन या. बाई एकटी भेटली तरच खरं बोलेल, आणि एकटी अशी कुणी येत नाही. सोबत आलेल्या सासूबाईंना समोरच्या टपरीवर चहाला बसवायचं काम माझ्या मावशींकडे लागलं, त्या त्यात पटाईत आहेत.